कडा कापणारे सर

सर पावाची कड खात नसत. सकाळी अकराच्या सुमाराला खालच्या टपरीवरून चहा आणि स्लाइस यायचे. सर टेबलावरची स्टीलची फूटपट्टी स्लाइसवर दाबून चारही कडा वेगळ्या करायचे, मधला पांढरा चौकोन स्वतः खायचे आणि कडा बशीत घालून माझ्याकडे सरकवायचे. मी त्या चहात बुडवून खायची. माझा डबा बहीण द्यायची, आणि बहिणीकडे मी पाहुणी म्हणून येऊन राहिलेली असल्यामुळे तो डबा जरा हलकाच असायचा. तेव्हा सरांनी टाकलेल्या कडांवर माझं पोट भरलंय, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते काही सगळं त्यांच्या कौतुकाचं नाही.

डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत सरांचं दुकान होतं. दुकान म्हटलेलं त्यांना खपत नसे, ‘सेंटर’ म्हणायचं. लोक जुने फोटो आणायचे, आम्ही ते स्कॅन करून फ्लॉपीवर द्यायचो. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची पत्रकं, मंडळांच्या स्मरणिका, सगळीकडे तेव्हा फोटो लागायला लागले होते आणि स्कॅनर फार थोड्यांकडे होता. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि जिन्यातून पीठ वर यायचं. की-बोर्डवर पीठ, स्कॅनरच्या काचेवर पीठ, सरांच्या भुवयांवर पीठ. सरांची त्याबद्दल तक्रार नव्हती. “पांढरं आहे ना? मग चालेल,” म्हणायचे.

आधी ते मुंबईत एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होते. साहेबाने टेबलावर माउस आणून ठेवला म्हणून आपण राजीनामा दिला, असं ते ज्याला त्याला ऐकवत. काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, हकिगत थोडी वेगळी होती. “माउस तिथेच राहिला,” त्या म्हणायच्या, “हे घरी आले.”

सेंटरमध्येही एक माउस होता. कॉम्प्युटरबरोबर आला तसा प्लॅस्टिकच्या पिशवीत, खालच्या खणात. माउस वापरणाऱ्यांना सर ‘खाजवणारे’ म्हणत. आमच्या काळ्या पडद्यावर नुसती राखाडी अक्षरं दिसायची, एक चित्र म्हणून दिसायचं नाही. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, “बंद पडलाय का हो?”

“कॉम्प्युटर चालू आहे,” सर म्हणायचे. “बंद दुसरंच काहीतरी आहे.” आणि गिऱ्हाइकाच्या कपाळाकडे बघायचे.

गिऱ्हाइकाशी बोलायची त्यांची एकच रीत होती. कुणी जिना चढून, दम खात सुरुवात करायचं, “नमस्कार, मी त्या शाळेच्या मागे राहतो, आमचे वडील गेल्या महिन्यात—”

“कडा सोडा. फोटो किती?”

हे त्यांचं बोधवाक्य. नमस्कार ही कड. हवापाणी ही कड. वडील गेले हीसुद्धा कडच, कारण फोटो वडिलांचाच आहे हे दिसतंय. लग्नाला ते शेवटच्या मंगलाष्टकाला पोचत, अक्षता टाकत, आहेर देत आणि पंगत बसायच्या आत रिक्षात बसलेले असत. एकदा काकूंनी हट्टाने त्यांना खडवलीच्या नदीवर नेलं. चादर अंथरून होईस्तोवर सर चपला घालून उभे. “नदी बघितली,” म्हणाले, “बाकी सगळा काठ आहे.” वर्तमानपत्र वाचायच्या आधी ते फूटपट्टीने त्याचा चहूबाजूंचा कोरा भाग फाडून घेत आणि त्याच लांबुळक्या पट्ट्यांवर गिऱ्हाइकांची बिलं लिहीत. बोटभर रुंदीचं बिल हातात घेऊन माणसं जिन्यात थबकायची, उलटसुलट करून बघायची.

मी तिकडे वाशीमकडची. आठवीनंतर शाळा सुटली. मोहन्याला बहीण आणि भाऊजी चाळीत राहायचे, त्यांच्याकडे आलेले. भाऊजी वाईट नव्हते, पण स्पष्ट होते. दिवाळीपर्यंत कुठे कायमची नोकरी लागली तर राहा, नाहीतर गावी जा, म्हणाले. गावी माझ्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. माणूस वयाने माझ्या काकाएवढा, पहिली बायको वारलेली, दोन मुलं. माझ्या आईला ते पसंत होतं. मला काय वाटतं हे विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळे सरांच्या जिन्यावर ‘मदतनीस पाहिजे’ अशी पाटी वाचली तेव्हा माझ्यासमोर दोनच गोष्टी होत्या, वर तो जिना आणि मागे तो माणूस.

“शिक्षण?” सरांनी विचारलं.

मी सुरू झाले. बाबा आजारी पडले, शाळा दुसऱ्या गावाला, मधे ओढा—

“कडा सोडा.”

“आठवी पास.”

“नववीत का नाही बसलीस?”

“काहून म्हणजे... तेच तर सांगत होते.”

‘काहून’ ऐकून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं. पण त्यांनी एक कागदाची पट्टी पुढे केली. तिच्यावर इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती. “हे टाइप कर. जसंच्या तसं.”

मी एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, घाम पुसत टाइप केलं. त्यांनी पडद्याला नाक लावून तपासलं.

“याचा अर्थ कळला?”

“नाही, सर.”

“उत्तम. अर्थ कळणारी माणसं मधेच सुधारणा करतात. उद्यापासून ये.”

अशी मला कच्ची नोकरी लागली. अडाणीपणाला एवढा मान मला आधी कुणी दिला नव्हता, नंतरही नाही.

ती ओळ म्हणजे सरांचा जीव की प्राण. झालंय असं, की स्कॅनरची काच मोठी आणि फोटो लहान. त्यामुळे फोटोभोवती पांढरं मैदान यायचं, ते कापायला लागायचं. बाकीचे लोक माउसने चौकोन आखून एकेक फोटो कापत. सरांकडे कमांड होती. तिला फाइलचं नाव द्यायचं, एंटर मारायचं. ती फोटोच्या कोपऱ्यातला रंग बघायची आणि चारही बाजूंनी आत सरकत यायची. त्या रंगाची रांग दिसली की काप, दिसली की काप. वेगळं काही लागलं की थांबायची. सगळ्या फ्लॉपीवरचे फोटो एका ओळीत कापून व्हायचे. सर तेव्हा हाताची घडी घालून बसायचे, जसं काही आतमध्ये त्यांची माणसं राबतायत.

त्या ओळीत एक आकडा असायचा. कोपऱ्यातल्या रंगात आणि पुढच्या रंगात किती फरक चालवून घ्यायचा, याचा. सर त्याला ‘सहनशक्ती’ म्हणत. स्वतःकडे ती औषधालाही नव्हती, पण कमांडला ते सढळ हाताने देत. काचेवरच्या पिठामुळे आणि जुन्या फोटोंच्या पिवळ्या पडलेल्या कडांमुळे कमांड मधेच अडायची. सरांनी काच पुसली नाही, आकडा वाढवला. तो आकडा बदलायचा हक्क फक्त त्यांना. मी फक्त अक्षरं मारायची, आणि मधली मोकळी जागा चुकली तर पूर्ण ओळ पुन्हा.

“एकदा प्रिंट काढून बघू का, सर? कसं कापलंय ते?” मी सुरुवातीला विचारलेलं.

“बघायचंच असतं तर कमांड कशाला लागली असती? डोळे होतेच की.”

दिवाळीला थोडे दिवस उरले होते तेव्हा मोठं काम आलं. खाडीकाठच्या एका जुन्या गावच्या भजनी मंडळाला पन्नास वर्षं होत होती, त्यांची स्मरणिका. पूर्वी त्या गावात मिठागरं आणि भातशेती होती, आता त्याच जमिनीवर इमारती उठल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष गळ्यात सोन्याची जाड साखळी आणि डोक्यावर कडक पांढरी टोपी घालून आले. जुन्यानव्या सगळ्या सभासदांचे फोटो त्यांनी शर्टाच्या खोक्यातून आणले होते. त्या गावात एक रीत होती. मंडळात नवा माणूस घेतला की अध्यक्ष आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी घालतात, आणि मग चुना मारलेल्या देवळाच्या भिंतीशी उभं करून त्याचा फोटो काढतात. टोपी घातली की तो मंडळाचा. मेल्यावरच सुटायचा.

अध्यक्ष हे सगळं सांगायला बसले होते. सर म्हणाले, “कडा सोडा. फोटो किती?”

सरांनी मला सांगून ठेवलेलं, हे काम नीट पार पडलं तर तुला कायम करतो. मी घरी जाऊन भाऊजींना सांगितलं. भाऊजी म्हणाले, “बघू.”

मी फोटो स्कॅन केले. ओळ सरांनी स्वतः लिहिली, आकडा स्वतः घातला, एंटर स्वतः मारलं. फ्लॉपी ठाण्याच्या छापखान्यात गेली. तिथे पानं लावणाऱ्यांनी प्रत्येक फोटो चौकटीत बसेल एवढा मोठा केला. त्यांना वाटलं, हल्ली असंच करत असतील.

स्मरणिका छापून आली तशी अध्यक्ष आले. बरोबर गावातली एक म्हातारी होती, डोक्यावरून पदर, हातात स्मरणिका. म्हातारीचा नवरा मंडळाच्या पहिल्या सभासदांपैकी, बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेला. अध्यक्षांनी पान उघडून टेबलावर ठेवलं.

भिंत पांढरी, टोपी पांढरी, सदरा पांढरा. कमांडने इमानाने सगळं कापलं होतं. वरून येत येत ती थेट कपाळावर थांबली होती, बाजूंनी कानांवर आणि खालून हनुवटीवर. उरलेले चेहरे चौकटभर ताणलेले. पानामागून पान गावातले सगळे म्हातारे भुवयांखालून डोळे वटारून बघत होते. एक सभासद तेवढा अख्खा आला होता. तो बिल्डर. त्याला देवळाशी उभं राहायला सवड नव्हती, म्हणून काळ्या कोटातला स्टुडिओतला फोटो त्याने पाठवलेला.

“मास्तर,” अध्यक्ष म्हणाले, “आमचे टोप्या कुठं हायत?”

“टोपी आणि भिंत एकाच रंगाची होती,” सर म्हणाले.

“मंग भिंत कापायची ना.”

“तेच केलंय. टोपी भिंतीसारखी दिसते त्याला कोण काय करणार? पुढच्या वेळी भिंतीला निळा रंग द्या.”

मी खाली बघितलं. म्हातारी पानं उलटत होती. उलटून संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिला वाचता येत नव्हतं.

“यामदे माजा म्हातारा नाय,” ती म्हणाली.

“हाय गो काकी, यो बघ, नाव हाय त्याचा.” अध्यक्षांनी बोट ठेवलं.

तिने त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. “यो नाय. माज्याची टोपी डावे बाजूला असायची.”

अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली आणि एकदम माझ्याकडे बघितलं. मग सरांना म्हणाले, आणि आवाज बराच समजुतीचा होता, “मास्तर, तुमी शिकलेले माणूस. तुमचेकडून असा होणार नाय. यो पोरीनं केलाय ना? किती शिकलीस गो?”

“आठवी,” मी म्हणाले.

“बघा. पोरीला काढून टाका, आमचा पुस्तक परत छापून द्या. मी गावाला सांगतो, पोरीची चूक. विषय मिटला.”

त्या क्षणी मला तो वाशीमचा माणूस दिसायला लागला, त्याची दोन मुलं, आईचा चेहरा. सरांना नुसती मान हलवायची होती. तेवढं केलं असतं तर त्यांचं नाव राहत होतं, कमांडचं नाव राहत होतं आणि बोलणी माझ्याबरोबर जिन्यावरून खाली गेली असती. कडा कापण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्या खोलीत माझ्याहून जास्त कड कोण होतं?

सरांना राग आला. खरा, अपमान झाल्यासारखा.

“हिने?” ते म्हणाले. “हिला आकडा बदलायचा अधिकार नाही. हिला त्या ओळीचा अर्थ माहीत नाही. अहो, असं काही करायला माझ्याएवढं शिक्षण लागतं. ते मी केलंय. आणि ती चूक नाही.”

यात माझ्याविषयीची माया होती असं मी म्हणणार नाही. आपलं श्रेय आठवी पास मुलीला जातंय, एवढंच त्यांना सहन झालं नाही. पण माझी नोकरी त्या एका वाक्यावर टिकली. ज्या हट्टाची मी आजवर थट्टा करत आलेय, तो माझ्या बाजूने उभा राहिला. मग त्याचे पाय धरायचे की हसायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अध्यक्ष उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि दोन्ही हातांनी सरांच्या डोक्यावर बसवली. “चला मास्तर,” म्हणाले, “फोटो काढू.”

शेजारी फोटो स्टुडिओ होता, पासपोर्टचे फोटो बसल्या बसल्या द्यायचा. मागे पांढरा पडदा. सर गोरेपान, केस पिकलेले, अंगात पांढरा शर्ट, भुवयांवर पीठ आणि वर टोपी. फोटो हातात आला तसा अध्यक्षांनी तो माझ्याकडे दिला. “आता याला काप. तोच आकडा.”

मी सरांकडे बघितलं. स्वतःच्या मालकाला कापायचं म्हणजे काय. सर म्हणाले, “बघतेस काय? टाइप कर. मोकळी जागा सांभाळ.”

मी टाइप केलं. एंटर मारलं. आणि त्या सेंटरच्या इतिहासात पहिल्यांदा आम्ही कापलेल्या फोटोची प्रिंट काढून बघितली.

कागदावर एक आडवी पट्टी आली. तिच्यात सरांचा काळ्या फ्रेमचा चष्मा आणि खाली मिशी. बस्स. वर काही नाही, खाली काही नाही. सरांच्या बिलाएवढा कागद पुरला असता.

म्हातारी आधी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग अध्यक्ष. सर पट्टी हातात धरून उभे. डोक्यावर टोपी तशीच.

“बरोबर कापलंय,” ते म्हणाले.

मग ती पट्टी टेबलावर ठेवून त्यांनी म्हातारीला विचारलं, “डावीकडे म्हणजे किती डावीकडे? कानापर्यंत?”

म्हातारीने आपल्याच कपाळावर बोट टेकवून दाखवलं. आणि सांगायला लागली. नवरा कसा होता, खाडीत कसा उतरायचा, टोपी ओली होऊ नये म्हणून मीठ नेणाऱ्या बाईकडे कशी देऊन ठेवायचा, ती बाई म्हणजे आपणच कशा. भरपूर बोलली. मी वाट बघत होते, सर आता म्हणतील, आता म्हणतील. नाही म्हणाले.

पुढचा आठवडा मी काच पुसत होते आणि सर एकेक फोटो वेगळा कापत होते, आकडा उतरवत, प्रिंट काढून भिंगाने टोपी शोधत. तोंडाने पुटपुटणं चालूच, की ही खाजवणाऱ्यांची कामं आहेत. स्मरणिका त्यांनी पदरमोड करून पुन्हा छापून दिली. दिवाळी आली, गेली. भाऊजी काही बोलले नाहीत. मोहन्यातल्या त्या खोलीत माझी गोधडी कोपऱ्यातून भिंतीच्या मधोमध आली, त्यावरून मी समजले.

पण टोपी राहिली होती. सर ती परत द्यायला गावात गेले. अध्यक्षांनी घेतली नाही. “माझे हातानं घातली,” म्हणाले. “आता तुमी मंडळाचे. गुरुवारी भजन हाय, सातला.”

सरांनी पुष्कळ समजावलं. आपल्याला गाता येत नाही, देवाशी आपलं जमत नाही. अध्यक्ष नुसते म्हणाले, “मास्तर, रीत हाय.” आणि एरवी कुणालाही न जुमानणारा तो माणूस याला का जुमानला, देव जाणे. बहुतेक नियम म्हणून. एकदा ओळ लिहिली की ती चालणार, हे त्यांच्या डोक्याला पटणारं होतं.

भजन म्हणजे सरांसाठी नरक. एक ओळ घ्यायची, ती वरून म्हणायची, खालून म्हणायची, टाळ वाढवत न्यायचे, सगळं विसरून पुन्हा तीच. पहिल्या गुरुवारी ते लग्नाला जात तसे शेवटच्या अभंगाला पोचले. अध्यक्षांनी टाळ थांबवले. “मास्तर आले,” म्हणाले, “चला, पहिल्यापासून घेऊ.” सगळं भजन पुन्हा सुरुवातीपासून झालं. त्यानंतर सर वेळेवर जायला लागले.

“काय कळतं हो तुम्हाला तिथे?” काकूंनी एकदा माझ्यासमोर विचारलं.

“एकच ओळ आहे,” सर म्हणाले. “बाकी सगळी कड. पण ती ओळ कुठली ते हे लोक सांगत नाहीत.” आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. ती शोधायला, असं काकू म्हणायच्या.

माझ्याशी मात्र ते होते तसेच राहिले. ‘कडा सोडा’ सुटलं नाही. पाव फूटपट्टीनेच तुटत राहिला. मला त्यांनी कायम केलं, तेही बिलाच्या पट्टीवर लिहून.

सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. तोवर कल्याणला माझं स्वतःचं छोटं दुकान झालं होतं, माउससकट. काकूंनी भिंतीवर लावायला फोटो मागितला. घरात एकही धड नव्हता, सगळे सरांनी कापलेले. मी खाडीकाठी गेले. मंडळाच्या खोलीत रांगेत शेवटी सर होते, देवळाच्या भिंतीशी, पांढरी टोपी, पांढरा शर्ट, तोंड वाकडं. अध्यक्ष खूप थकले होते, पण त्यांनी स्वतः फोटो उतरवून दिला. मी तो आणून जसाच्या तसा मोठा केला. आकडा शून्य.

फ्रेमवाल्याने फोटो टेबलावर पसरला आणि वरच्या भागावरून नख फिरवलं. “ताई, हे वरचं एवढं मोकळं सोडलंय. कापून टाकू? छोट्या फ्रेमीत बसेल.”

“कापू नका,” मी म्हणाले. “टोपी आहे ती.”

“कुठे?”

मी बोट ठेवून दाखवली.